मार्लिसच्या बाजूचं हँडल

२६ ऑगस्ट, मंगळवार

मार्लिसला पॅराशूट हवंय!

सकाळी कॉफीचा कप उचलला तर खाली मासिकातून कापलेलं पान. पॅराशूट माणसाचं नाही, अख्ख्या विमानाचं. सीटच्या मागे एक डबा, त्यात घट्ट घडी घातलेलं कापड आणि एक लहानसं रॉकेट. हँडल ओढलं की रॉकेट कापड बाहेर खेचतं आणि विमान आतल्या माणसांसकट लोंबकळत खाली येतं. मला ते नवीन नाही. नऊ वर्षांपूर्वी विमानाचे सुटे भाग मागवले तेव्हा यादीत शेवटच्या ओळीत हेही होतं. मी त्यावर खूण केली नव्हती.

“हे काय?”

“बसव,” ती म्हणाली आणि अंडी उलटायला वळली.

नऊ वर्षं मी गॅरेजमध्ये विमान बांधतोय. पंख लाल की पिवळे, यावरसुद्धा या बाईने मत दिलेलं नाही. बोलावलं की यायची, शेपटीच्या पोकळीत हात घालून लोखंडी ठोकळा दाबून धरायची, मी बाहेरून रिव्हेट ठोकायची बंदूक चालवायची, आणि झालं की हात धुऊन स्वयंपाकघरात. आणि आता एकदम पॅराशूट.

मी हसलो. ती हसली नाही. “मी बसणार असेन तर ते हवं. नाहीतर जूनमध्ये नॉर्थ डकोटाला तू एकटाच जा.”

तिकडे तिच्या वडिलांचं शेत होतं. विकून वीस वर्षं झाली. वडिलांनी वाऱ्यासाठी लावलेली झाडांची रांग अजून उभी आहे म्हणतात. ती रांग तिला वरून दाखवायची, हे मी पहिला रिव्हेट मारला त्या दिवशी कबूल केलंय. विचार करतो म्हणालो.

२७ ऑगस्ट, बुधवार

हिशेब वजनाचा. रिकामं विमान ७८० पौंड. पेट्रोल भरून १४४. मी २१२ (कपड्यांसकट, बूट काढून). मार्लिस १५०, तिच्याच सांगण्यावरून. एकूण १२८६. मर्यादा १३२०. उरले ३४. पॅराशूट, पट्टे, नटबोल्ट धरून ३०.

चार पौंड उरतात. म्हणजे सँडविचचा डबा आणि एक पातळ कोट. तंबू नाही, हत्यारांची पेटी नाही. शिवाय डबा सीटच्या मागे बसणार, म्हणजे शेपूट जड. पट्टे बसवायला छताचा पत्रा पुन्हा उघडावा लागेल. तो बसवायला मला एक अख्खा हिवाळा लागला होता. दर सहा वर्षांनी कापड घडी करायला परत पाठवायचं, दहा-बारा वर्षांनी रॉकेट बदलायचं. तेव्हा मी ऐंशीला टेकलेला असेन.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकदा हँडल ओढलं की वैमानिक संपला. वळवता येत नाही, थांबवता येत नाही. वारा नेईल तिकडे जायचं. ते मला नाही जमायचं.

२८ ऑगस्ट

पुन्हा बेरीज केली. चारच पौंड.

३० ऑगस्ट, शनिवार

डेल्बर्ट आला होता. लोखंडाच्या खाणीत तीस वर्षं माझ्याबरोबर वायरमन. दोन विमानं स्वतःच्या हाताने बांधून उडवलेला माणूस, त्यामुळे माझं काम तपासायचा हक्क त्याने आपणहून घेतलाय. चष्मा कपाळावर, टॉर्च दातात. पॅराशूटचं ऐकून टॉर्च काढून हसला.

“लेका, उडायला शिकलास की पडायला?”

“मार्लिस म्हणते.”

“तिला सांग, इंजिन बंद पडलं तरी विमान तरंगत येतं. शेतात उतरवायचं. मी दोनदा उतरवलंय.”

“एकदा गाईवर.”

“गाईच्या शेजारी,” तो म्हणाला.

त्याचं म्हणणं खोटं नाही. चांगला वैमानिक असेल तर बहुतेक वेळा पॅराशूट लागत नाही. वैमानिक जागेवर असेल तर.

संध्याकाळी सौना, लाकडं पेटवून वाफ घ्यायची. आमच्याकडे फिनलंडहून आलेल्या आजोबांपासूनची रीत आहे — शनिवारी आधी बायका, मग पुरुष. घरात दोघंच उरलो तरी आम्ही ती पाळत आलो. गेल्या महिन्यापासून मार्लिस माझ्याच वेळेला येऊन खालच्या बाकावर बसते. तिच्या नॉर्वेच्या माणसांना एवढी वाफ सोसत नाही, तरी बसते. म्हणाली, “दोनदा लाकडं कशाला जाळायची?” त्रेचाळीस वर्षांनी काटकसर सुचली.

१ सप्टेंबर, सोमवार

इथल्या कामगार दिनाची सुट्टी. सॉसेज भाजले. आता इथे लिहूनच टाकतो. दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही. वैमानिकाच्या लॉगबुकात तर नाहीच नाही.

१९ जुलैला बटाट्याच्या वाफ्यात मी पडलो. अडखळून नाही. उभा होतो, झारीने पाणी घालत होतो, आणि पुढची गोष्ट म्हणजे तोंडात माती. मधलं काहीच नाही. झोपेत निदान झोपल्याचं कळतं, इथे तेही नव्हतं.

उठून बसलो. झारी आडवी पडून रिकामी झाली होती. काठोकाठ भरलेली झारी. मग मी जे केलं ते खाणीतल्या माणसालाच सुचेल — झारी परत भरली, तशीच आडवी केली आणि मनगटावरच्या घड्याळात बघत उभा राहिलो. बावन्न सेकंद.

बावन्न सेकंदांत विमान नाक खाली घालून तीन हजार फूट सहज येतं.

मग ९ ऑगस्टला गॅरेजमध्ये, स्टुलावर बसून ड्रिल मारताना. ते अगदी थोडं असावं, ड्रिल फक्त हातातून सुटून पायावर पडलं. मार्लिसला सांगितलं घामाने निसटलं.

कुणालाही बोललेलो नाही. बोललो की विमान गेलं. नऊ वर्षं गेली.

२ सप्टेंबर

कालचं वाचलं. पान फाडावंसं वाटलं. नाही फाडलं.

नियम असा आहे — एवढ्या लहान विमानाला डॉक्टरचा दाखला लागत नाही. मोटारीचं लायसन्स पुरतं. अट एकच : उडणं धोक्याचं होईल असं काही आपल्याला आहे, हे आपल्याला ठाऊक नसावं. त्यामुळे आम्ही लोक ठाऊक न होण्याची फार काळजी घेतो. पाय मोडला तर दवाखान्यात जायचं. छातीचं, डोक्याचं घेऊन जायचं नाही. विमानतळावरच्या कॉफीच्या टेबलावर हे कुणी शिकवत नाही, पण पहिल्या वर्षीच सगळ्यांना येतं. आमच्यातला एक जण छातीत दुखतं म्हणून गुरांच्या डॉक्टरला विचारत होता! आम्ही हसलो होतो. चूक कुणी म्हटलं नव्हतं.

मला आता ठाऊक आहे का? पडलो एवढं ठाऊक आहे. का पडलो ते ठाऊक नाही. असं मी स्वतःला सांगतो.

७ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये बसल्याबसल्या सुचलं. पॅराशूट माझ्यासाठी नाहीच. मी शुद्धीवर असलो तर मला त्याची गरज नाही. मी शुद्धीवर नसलो तर शेजारी मार्लिस आहे. तिला विमान उतरवता येत नाही, पण हँडल ओढता येईल.

म्हणजे कुणाला काही सांगायची गरज नाही. हँडल तिच्या बाजूला बसवायचं, झालं.

इतकं हलकं वाटलं की शेवटचं भजन मी मोठ्याने म्हटलं. मार्लिसने वळून पाहिलं.

८ सप्टेंबर, सोमवार

तिला सांगितलं, बसवतोय. उडी मारेल असं नाही, पण निदान बरं वाटेल अशी अपेक्षा होती. हातातली ब्लूबेरी निवडत राहिली.

“बरं,” म्हणाली. मग वाटी बाजूला ठेवून, “एवढंच?”

“अजून काय? तुला हवं होतं ते बसवतोय.”

“हो,” ती म्हणाली.

बायकांना खूश करणं आपल्या हातात नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

कंपनीच्या माणसाला फोन केला. हँडल ओढायला निदान पस्तीस पौंड जोर लागतो, चुकून धक्का लागून सुटू नये म्हणून. आधी इंजिन बंद करायचं, मगच ओढायचं. खूप खाली आल्यावर ओढून उपयोग नाही. पैसे निम्मे आधी, निम्मे पाठवताना. अर्जाचे कागद पाठवतो म्हणाला.

पस्तीस पौंड. मार्लिसचं उजवं मनगट संधिवाताने गेलंय. सकाळी लोणच्याची बाटली माझ्यापुढे सरकवते.

१३ सप्टेंबर, शनिवार

वॉलाय मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा आणला. एक टोक सीटच्या चौकटीला बांधलं, दुसऱ्याला दोरीने लाकडी मूठ, हँडल म्हणून. मार्लिसला उजव्या सीटवर बसवलं. विमानाला अजून पंख लावलेले नाहीत, नुसतं धड चाकांवर उभं आहे, पण आतलं सगळं जागच्या जागी आहे.

“ओढ.”

बावीस.

“अजून.”

तेवीस. ओठ दाबून धरले होते. डाव्या हाताने, एकोणीस.

मला वाटलं चिडेल. पण मुठीकडे बघत म्हणाली, “रोज करू.” मग मनगट चोळत आत गेली. शेपटीचे बाराशे रिव्हेट तिने तो ठोकळा धरून मारू दिले मला. एकेका रिव्हेटला तो ठोकळा मनगटात किती हादरे देतो ते मला माहीत होतं. तेव्हा फक्त रिव्हेटचं डोकं गोल आलं की नाही तेवढं बघत होतो मी.

१७ सप्टेंबर

२४.

२० सप्टेंबर, शनिवार

आता ती दुपारी विणकाम घेऊन गॅरेजमध्येच येऊन बसते, हीटरच्या बाजूला. मी स्टुलावर चढलो की मान वर करते. नऊ वर्षांनी बाईला विमानात रस वाटायला लागला! मी तिला तारा दाखवल्या, कोणती कुठे जाते. ऐकून घेतलं. मग म्हणाली, छताजवळचं काम डेल्बर्टला करू दे, त्याचे हात लांब आहेत. डेल्बर्ट माझ्यापेक्षा चार इंच बुटका आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

डेल्बर्टने छताचा पत्रा उघडायला मदत केली. दोघांनी मिळून दीड दिवसात. मी पेन्सिलने हँडलची जागा आखून ठेवली होती, मार्लिसच्या डाव्या गुडघ्याजवळ. तो बघत राहिला.

“मधे का नाही?”

“तिथे ताकद लागते. दोन्ही हातांनी ओढायला तिला समोर हवं.”

“ती कशाला ओढेल? विमान तू चालवणार ना?”

“तिला धीर येतो.”

त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. माझ्याकडे नीट पाहिलं. डेल्बर्ट माझ्याकडे नीट बघत नाही, माझ्या कामाकडे बघतो.

“तुला काही होतंय का, रेनो?”

“नाही.”

“बरं.” त्याने चष्मा परत वर सरकवला. “होत असलं तरी मला सांगू नकोस. मला कळलं तर मलाही ते लपवत बसावं लागेल.”

मग आम्ही बोल्टांची लांबी मोजली. जाताना म्हणाला, वजन कमी कर, वीस पौंड तरी. पाय जड टाकत गेला.

२८ सप्टेंबर, रविवार

आज सांगणार होतो.

डुलूथ शहरातून परतताना. पिकअप मार्लिस चालवत होती. जुलैपासून तीच चालवते. म्हणते, स्टिअरिंग धरून मनगटाला व्यायाम होतो. माझी काही हरकत नाही — खरं म्हणजे मनातून सुटल्यासारखं वाटतं. तळ्याच्या कडेकडेने रस्ता, झाडं पिवळी-लाल. तिने रेडिओ बंद केला. गाणं तिच्या आवडीचं होतं, तरी बंद केला.

आता, असं वाटलं. तोंड उघडलं.

“मार्लिस.”

“हं.”

“मागच्या चाकात हवा कमी वाटते.”

तिने गाडी कडेला घेतली. उतरली. चारी चाकांभोवती फिरली, वाकून बघत. डाव्या मागच्या चाकापाशी खूप वेळ उभी होती, माझ्याकडे पाठ करून. परत येऊन बसली, किल्ली फिरवली.

“हवा ठीक आहे,” म्हणाली.

३ ऑक्टोबर

२९! दोन्ही हातांनी, डावा पाय पुढच्या पट्टीला टेकवून. आपणच शोधून काढलं तिने ते.

५ ऑक्टोबर, रविवार

मला एक गोष्ट सुटत नाहीये. नवं विमान पहिले चाळीस तास एकट्यानेच उडवायचं असतं. सोबत कुणी चालत नाही, कायदाच आहे. त्या चाळीस तासांत उजवी सीट रिकामी. हँडल असेल, ओढणारं कुणी नसेल.

मी म्हटलं, ठीक आहे, माझा जीव, माझं मी बघेन. तळ्यावरूनच फिरेन. पण तळ्यावर लोक मासे धरायला बसतात. मुलंबाळं घेऊन बसतात. विमानतळाच्या वाटेवर शाळा आहे, बसची रांग लागते.

मग चाळीस तासांनंतर मार्लिस. तिला वडिलांची झाडं दाखवतोय आणि मी मान टाकली, तर साठीच्या पुढची बाई संधिवाताच्या हाताने रॉकेट उडवणार, आणि दोघं मिळून कुणाच्या तरी गव्हात आपटणार. याला मी उपाय म्हणत होतो. चर्चमध्ये बसून.

मला लाज वाटते. तरीही सांगवत नाही. गॅरेजचं दार उघडलं की ते समोर उभं असतं, आणि माझ्याने होत नाही.

९ ऑक्टोबर

पॅराशूटचा अर्ज आला. चार पानं. भरला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

पहिला बर्फ, टिकला नाही. मार्लिस ३३.

रोजचा सराव आता ठरून गेलाय. मी डाव्या सीटवर, ती उजव्या. मी मान टाकतो. तिने किल्ली बंद करायची, पाय टेकवायचा, दोन्ही हातांनी ओढायचं. मग मी डोळे उघडून आकडा विचारतो. आज मान टाकताना मी जीभ बाहेर काढली, तिला हसवायला. हसली नाही.

“खरं झालं तर तू असा दिसणार नाहीस,” म्हणाली.

“मग कसा?”

“मला काय माहीत,” ती म्हणाली आणि हँडलची दोरी गुंडाळून ठेवली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

डेल्बर्ट कॉफीला. विचारलं, अर्ज पाठवलास का. म्हटलं शनिवारी बघतो. त्याने दुसरं काही विचारलं नाही. पूर्वी तीन तास बसायचा, आज अर्ध्या तासात उठला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

अक्षर आज असंच येणार.

दुपारी सराव. बसलो. मार्लिसने स्वेटरच्या बाह्या वर केल्या. मी म्हटलं, “तयार?” तिने मान हलवली. मी डोळे मिटणार होतो — मिटले की नाही ते आठवत नाही.

मग माझं नाव. खूप लांबून, विहिरीच्या तोंडाशी उभं राहून कुणी घ्यावं तसं. नंतर छताची काच. तिचा चेहरा जवळ. माझ्या हनुवटीवर लाळ. तोंडात तीच चव, बटाट्याच्या वाफ्यातली, फक्त मातीशिवाय.

मी कसाबसा सावरलो. पहिलं जे सुचलं ते बोललो. “किती?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग काट्याकडे. “अडतीस.”

“छान,” मी म्हटलं. “बघ, जमलं की नाही?”

“चांगली नक्कल केलीस,” ती म्हणाली. आवाज सपाट होता. उतरताना तिला दाराची कडी लवकर उघडेना. जोर लावल्याने असेल. सूप करपेल म्हणून आत गेली.

मी तिथेच बसून राहिलो. किल्ली बंद केलेली होती. हँडल जागेवरून निघून उजव्या सीटवर पडलं होतं. म्हणजे तिने सगळं बरोबर केलं. मला काही कळलं नाही तरी विमान खाली आलं असतं.

तिला कळलं नाही. नक्कलच वाटली. आधी जिवात जीव आला, आणि मग खिडकीची चौकट घट्ट धरून बसलो. माझी बायको माझ्या शेजारी बसून मला मेल्यासारखा पडलेला बघते, आणि मी विचारतो किती!

रात्रीच्या जेवणात जंगली तांदळाचं सूप. दोघंही पोटभर जेवलो नाही. सौना पेटवलाच नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

अर्ज भरला. वजन, सीट, हँडलची जागा — उजवीकडे. “खास कारण” अशी एक ओळ होती. तिथे लिहिलं : पत्नीच्या समाधानासाठी.

मार्लिस चर्चला एकटीच गेली. मी सर्दीचं सांगितलं. तिने जाताना पुढच्या घराच्या बाईला सांगितलं वाटतं — ती बाई दोनदा उगीचच डोकावून गेली, सफरचंदाचा केक आणलाय, साखर आहे का.

२० ऑक्टोबर, सोमवार

पाकिटावर तिकीट लावलं. पोस्टात नेलं नाही. पिकअपची किल्ली मार्लिसच्या पर्समध्ये असते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

कॉफीच्या कपाखाली कागद. दवाखान्याची वेळ, गुरुवार, सव्वानऊ.

“काल फोन केला,” मार्लिस म्हणाली. “सगळं सांगितलं त्यांना. बटाट्याचं, ड्रिलचं, शनिवारचं.”

मी म्हटलं, बटाट्याचं काय?

“मी खिडकीशी होते. धावत मागच्या दारापर्यंत आले तोवर तू उठून बसलास. म्हटलं आता हाक मारशील. तू झारी भरलीस, आडवी केलीस आणि घड्याळात बघत उभा राहिलास. मी दाराआडच थांबले.” तिने अंडी ताटात काढली. “पॅराशूट मागितलं, म्हटलं निदान का हवं ते विचारशील. तू वजन केलंस.”

मी तेच विचारलं जे मला विचारता येतं — शनिवारी किती सेकंद?

“मोजले नाहीत,” ती म्हणाली. “हाका मारत होते.”